‘चित्र’ या शब्दातला अदृश्य सांधा

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

श्रीलंकेतल्या सिंहली चित्रकथांच्या छापील काळापासून डिजिटल काळापर्यंतच्या प्रवासावर लिहायचे तू ठरवले आहेस, हे वाचून फार बरे वाटले. तुझ्या आराखड्यात वर्तमानपत्र, साप्ताहिक, दूरचित्रवाणी आणि मोबाइल अशी चार प्रकरणे आहेत. माझे सांगणे एवढेच, की या चारही प्रकरणांतून संवादाच्या फुग्यातल्या अक्षराचा माग सोडू नकोस.

आरंभ जी. एस. फर्नांडो यांच्या ‘नीला’पासून कर. १९५१ साली ‘लंकादीप’ वर्तमानपत्रात सुरू झालेली ही मालिका सिंहलीतली पहिली चित्रकथा मानली जाते. पुढे १९७२ मध्ये ‘सतुट’ आले आणि चित्रकथांनीच भरलेल्या साप्ताहिकांचे युग सुरू झाले. ‘सतुट’ म्हणजे आनंद. आपल्या ‘संतुष्ट’शी या शब्दाचे नाते आहे, आणि ‘सित्तर’ या दुसऱ्या साप्ताहिकाचे नाव तर आपल्या ‘चितारी’चे भावंडच. चित्रकार कॅमिलस परेरा यांचे गजमन हे पात्र याच दशकात घरोघरी पोहोचले. ही पाने पाहताना कथानकाआधी अक्षरलेखन पाहा. सिंहली अक्षर गोलाकार असते, त्याला शिरोरेषा नसते, त्यामुळे हाताने लिहिलेली ओळ फुग्याच्या वळणाशी सहज जुळवून घेते. देवनागरीची ओळ मात्र आडव्या रेघेचा आग्रह धरते. हा फरक मराठी वाचकाला तूच दाखवू शकशील.

साप्ताहिके ओसरण्याचे कारण म्हणून १९७९ मध्ये आलेल्या दूरचित्रवाणीकडे आणि १९८२ मध्ये सुरू झालेल्या ‘रूपवाहिनी’ या सरकारी वाहिनीकडे बोट दाखवले जाते. त्यात तथ्य आहे, पण त्यावर एका परिच्छेदापेक्षा अधिक जागा खर्च करू नये, असे मला वाटते.

खरी गुंतागुंत संगणकापासून सुरू होते. ‘एफएम अभय’सारख्या जुन्या फॉन्टमध्ये सिंहली अक्षरे इंग्रजी कळांच्या संकेतांवर बसवलेली होती, तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर मजकूर निरर्थक दिसे. हे दुःख मराठीलाही ठाऊक आहे. माझ्या एका जुन्या लेखसंग्रहाची फाइल अशाच फॉन्टमध्ये होती आणि ती पुन्हा वाचता यावी म्हणून मला सगळा मजकूर नव्याने टंकित करावा लागला. सिंहली लिपीला युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना सर्व यंत्रांवर एकच संकेत देणाऱ्या पद्धतीत, स्थान मिळाले ते १९९९ साली, तिसऱ्या आवृत्तीत. तरीही तिच्यातील ‘त्र’ नीट उमटण्यासाठी हलन्त ‘त’ आणि ‘र’ यांच्यामध्ये एक न दिसणारे जोडचिन्ह घालावे लागते. ते गळले, तर खुद्द ‘चित्र’ हा शब्दच मोडतो! ज्या भाषेत या कलेला आपल्यासारखेच चित्रकथा म्हणतात, तिथे ही गोष्ट किरकोळ कशी मानायची? पुढे त्याच ‘अभय’चे ‘अभय लिब्रे’ हे युनिकोड रूप सर्वांसाठी खुले झाले, याची नोंद तुझ्या लेखनात ठळकपणे यायला हवी.

जुन्या अंकांची स्कॅन केलेली पाने रसिक एकमेकांना पाठवतात, त्या प्रेमाविषयी मला आदरच आहे; परंतु स्कॅन हे केवळ छायाचित्र असते आणि त्यातला एकही संवाद शोधता येत नाही. शिवाय मोठ्या पानाची मांडणी मोबाइलच्या तळहाताएवढ्या पडद्यावर एकेक चौकट करून वाचली, की पानाचा तोल हरवतो. म्हणून जुने पान जपणे आणि मोबाइलसाठी नवे चित्र रचणे ही दोन कामे वेगळी मान. गजमन तर २०२३ मध्ये त्रिमितीय ॲनिमेशनपटात अवतरला; तिथे त्याला आवाज मिळाला आणि त्याच्याभोवतीचे अक्षर संपले.

पहिल्या प्रकरणाआधी एक काम कर. गजमनचे एकच छापील पान घे, त्यातला प्रत्येक संवाद युनिकोडमध्ये उतरव, आणि कोणता शब्द कुठे मोडला याची टिपणे मला पाठव.

तुझा शुभचिंतक