आयसीयूत वडिलांच्या मानेतून सेंट्रल लाइन टाकायची म्हणतात, धोका कितपत असतो?

धोका असतो, पण तो कमी कसा करायचा हे नीट माहीत आहे. नॉरअॅड्रिनलिनसारखं रक्तदाब वाढवणारं औषध हाताच्या बारीक शिरेतून बाहेर झिरपलं तर कातडी काळी पडून मरू शकते, म्हणून ही लाइन, म्हणजे लांब बारीक नळी, हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नेतात.

टाकताना भीती दोन गोष्टींची: सुई शेजारच्या धमनीत जाणं, आणि फुप्फुसाला टोचून छातीत हवा भरणं. दुसरी भीती कॉलर बोनखालून टाकताना जास्त. मानेत सोनोग्राफीवर बघत सुई घातली की दोन्ही बऱ्याच टळतात. प्रोब हलका दाबला की शीर चपटी होते, धमनी उडत राहते. ओळख तिथेच पटते. गाइडवायर (सुईतून आत सरकवलेली बारीक तार) शिरेतच आहे याची खात्री केल्याशिवाय डायलेटर (वाट रुंद करणारी जाडसर नळी) घालूच नये. सुईचं भोक दाबून धरलं की बहुधा बंद होतं, डायलेटरने धमनीला पडलेलं भोक ऑपरेशनपर्यंत नेऊ शकतं. नंतर एक्स-रे.

मला जास्त काळजी वाटते ती पुढच्या दिवसांतल्या जंतुसंसर्गाची. अमेरिकेत मिशिगनमधल्या आयसीयूंनी हात धुणं, पूर्ण निर्जंतुक गाउन-चादर, त्वचेला क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक, जांघेतली जागा टाळणं आणि गरज संपताच लाइन काढणं एवढं नेमाने पाळलं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात रक्तातला संसर्ग ६६ टक्क्यांपर्यंत घटला होता.

रोज राउंडला बिनधास्त विचारा, "डॉक्टर, लाइन अजून लागतेय का?" आणि काढताना वडिलांना आडवं झोपवलेलं असू दे; बसवून काढली तर शिरेत हवा ओढली जाऊ शकते.