रिफाईंड बंद करून साजूक तूप आणि खोबरेल सुरू केलं तर चयापचय वाढून वजन उतरेल का?

हाच प्रयोग मी घरी करून बसलोय. चार महिन्यांत दोन किलो वाढलो.

तूप असो की शेंगदाण्याचं तेल, ग्रॅमला 9 कॅलरी त्या 9च. तूप 'चांगलं' म्हटल्यावर माझा हात सैल सुटला, वरणावर एकाचे दोन चमचे झाले. शिवाय पोह्यांवरची शेव मी कधी तेलाच्या हिशोबात धरलीच नव्हती. आमच्या इंदूरला शेवेशिवाय पोहे म्हणजे आजाऱ्याचं जेवण! एकदा पाकीट उलटून वाचलं, तर 100 ग्रॅम शेवेत 40 ग्रॅम फॅट.

खोबरेलाने चरबी जळते म्हणतात, त्याचं मूळ एमसीटी तेलात, म्हणजे मध्यम लांबीच्या मेदाम्लांच्या तेलात आहे. त्यातली 8 आणि 10 कार्बनची आम्लं आतड्यातून थेट यकृतात जातात आणि लवकर जळतात. पण खोबरेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल, 12 कार्बनचं, आणि त्यातलं बरंचसं शरीर साध्या चरबीसारखंच हाताळतं.

मग तेल कुठलंही चालेल का? तसंही नाही. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाने 39 तरुणांना सात आठवडे रोजच्या जेवणावर जास्तीचे मफिन खायला घातले, काहींना पाम तेलातले, काहींना सूर्यफुलाच्या तेलातले. वजन दोन्हीकडे सारखंच वाढलं, सरासरी 1.6 किलो. पाम तेलवाल्यांच्या यकृतात आणि पोटाच्या आत मात्र चरबी जास्त साठली. 2014 साली हे छापून आलं तेव्हा तूप-लोण्यावाल्यांना फारसं रुचलं नसावं, कारण पाम तेलासारखंच तुपातही संपृक्त (सॅच्युरेटेड) चरबी भरपूर. त्याने एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलही चढतं. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटबद्दल तर बोलायलाच नको. 2022 पासून आपल्याकडे तेला-तुपात त्याची मर्यादा 2 टक्के आहे.

तुम्ही आधी एक करा, तेलाचा डबा फोडाल त्या दिवशी त्यावर तारीख लिहा. आमचा पाच लिटरचा डबा तीन माणसांत महिन्याला संपायचा. म्हणजे माणशी रोज 50 ग्रॅम, आणि शेव, तूप वेगळंच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2000 कॅलरींच्या ताटात तेल-तूप धरून 27 ग्रॅम बसतात. आईने फोडणीची पळी बदलून चमचा आणला, आता डबा पन्नास दिवस पुरतो. तूप वरणावर एकच चमचा. थंडीत इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (तळलेला कंद) खातोच, पण त्या रात्री घरी जेवत नाही.