पात्याआधी जोड बघ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

घ्यायच्या म्हणतोस त्या कट्यारीचे फोटो पाहिले. सगळे पात्याचेच. पात्यावर पॉलिश मारता येतं, नक्षी काढता येते, गंजही मुद्दाम चढवता येतो. पातं आणि मूठ जिथे भेटतात तिथली लबाडी लपवणं मात्र अवघड. म्हणून भिंग आधी तिथे लाव. कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, सोनार डोळ्याला लावतात तसलं दहापट भिंग पुरेसं आहे.

कट्यारीच्या मुठीला दोन उभ्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये आडवे दांडे असतात. जुन्या कामात पातं आणि पट्ट्या भट्टीत तापवून एकजीव केलेल्या दिसतील, नाहीतर पातं मुठीच्या दोन पाकळ्यांच्या मधे धरून रिव्हेट (आरपार ठोकलेले खिळे) मारलेले दिसतील. रिव्हेट दिसले म्हणून वस्तू नाकारू नकोस. सतराव्या शतकात दख्खनेत युरोपातून आलेल्या तलवारींची पाती कापून कट्यारींना बसवत. अशा पात्यावरच्या लांब खोबणी मुठीपाशी मधेच तुटल्यासारख्या वाटतात, आणि तीच त्यांची ओळख. पण जोडाच्या कोपऱ्यात विजेच्या वेल्डिंगचे गोळे दिसले, किंवा गोळे घासून काढल्यावर उरलेली सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली, तर तो जोड अलीकडचा. पातं जुनं आणि जोड नवा असंही असतं. तेव्हा किंमत फक्त पात्याची धरायची.

मग व्हर्नियर काढ. पात्याची जाडी मुळाशी, मध्यावर आणि टोकाच्या एक इंच अलीकडे मोज. हातानं घडवलेल्या सुरीची जाडी टोकाकडे कमी होत जाते. पुष्कळ कट्यारींचं टोक उलट मुद्दाम जाड ठेवलेलं असतं, कारण ते चिलखताच्या कड्या फोडायला होतं. तिन्ही ठिकाणी जाडी तंतोतंत सारखी आली तर पातं बाजारच्या पट्टीतून कापलेलं असण्याची शक्यता मोठी. धारेवर निळसर झाक असेल तर ग्राइंडरवर पातं तापलंय आणि तेवढ्या भागाचं पाणी, म्हणजे पोलादाचा कठीणपणा, उतरलंय. ते परत आणायचं तर पातं पुन्हा भट्टीत घालावं लागेल, आणि जुन्या वस्तूला ते करायचं नसतं.

जौहरदार पोलादाबद्दल विचारलं होतंस. ते मुशीत वितळवलेलं, जास्त कर्बाचं पोलाद. त्यातली पाण्याच्या लहरींसारखी रेघ धातूच्या आत असते. पातं तिरप्या उजेडात धरून पाठीची कड बघ. खरी नक्षी तिथेही चालू राहते. वरून आम्लानं काढलेली नक्षी सपाट भागावर ठळक असते आणि कडेशी थांबते. नक्षी दिसत नसली तरी पातं साधंच आहे असं ठरवू नकोस. घासूनघासून ती पुसली जाते. ती ‘उठवायला’ हिराकस किंवा आम्ल स्वतः लावायला जाऊ नकोस, हे कळकळीनं सांगतो.

कोफ्तगिरी, म्हणजे सोन्याचांदीची तार ठोकून केलेलं नक्षीकाम, झिजलं असेल तर चांगलंच. झिजल्या जागी भिंगातून बारीक आडव्या-उभ्या रेघांची जाळी दिसली पाहिजे, कारण तार त्या खरवडीत ठोकून बसवतात. मुलाम्याखाली अशी जाळी नसते.

सुरी-खंजिराची मूठ बहुधा लाखेनं बसवलेली असते, म्हणून गरम पाण्यात कधीही बुडवू नकोस. मूठ हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची असेल तर हातच लावू नकोस. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 प्रमाणे तो व्यवहार गुन्हा आहे. म्हशीचं शिंग चालतं.

गंजाचं सांगायचं तर काळपट तपकिरी, घट्ट थर राहू दे, तो वयाचा भाग आहे. नारिंगी, बोटाला लागणारा गंज तेवढा काढ. रॉकेलचे थेंब टाकून दिवसभर ठेव आणि बांबूच्या काडीनं हळू खरवड. चिंच, लिंबू, राख, पॉलिश पेपर काहीही नको. आपल्याकडच्या पावसाळ्यात महिन्यातून एकदा यंत्राच्या पातळ तेलाचा हात फिरव. आणि पातं चामड्याच्या म्यानात ठेवू नकोस. बाभूळ-हिरड्यानं कमावलेल्या चामड्यातला तुरट अंश ओलीत लोखंडाशी मिळून काळे डाग पाडतो. म्यान वेगळं, पातं सुती कापडात वेगळं.

डोळा तयार करायला कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधल्या शहाजी छत्रपती संग्रहालयातली शस्त्रं पुन्हापुन्हा बघ. नक्षीपेक्षा मुठींचे आकार आणि झीज कुठे पडलीय ते टिपून ठेव.

पैसे देण्याआधी पट्टी लाव. घरकाम-शेतकामाची नसलेली आणि 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची शस्त्रं शस्त्र नियमांत येतात. परवान्याची चौकशी आधी कर, वस्तू नंतर घे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्यात बसते, त्यामुळे परदेशातल्या गिऱ्हाइकाला पाठवण्याचा विचारही नको. पावतीवर वस्तूचं वर्णन, पात्याची लांबी-रुंदी, तारीख आणि विकणाऱ्याची सही घे. पावती द्यायला जो कां-कू करेल त्याच्याकडून काही घेऊ नकोस.