ब्लॉग लेकीचा, टार्गेट बाबांचं

प्रश्न : आम्ही रायगड जिल्ह्यात राहतो. मुलगी अकरावी सायन्सला आहे, नीटचा क्लास सुरू आहे. नववीच्या सुट्टीत तिने रानभाज्यांवर मराठीत ब्लॉग सुरू केला. लोकांना आवडायला लागला तसं मीच लक्ष घातलं. 18 हजारांचा ऑनलाइन कोर्स केला, माझ्या नावाने अ‍ॅडसेन्स (ब्लॉगवर जाहिराती दाखवून पैसे मिळवायची गूगलची सोय) घेतलं, रोज एक पोस्ट असं टार्गेट ठरवलं. रात्री जेवताना आम्ही आकडे बघतो, किती लोक आले त्याचे. हिवाळ्यात ते एकदम पडले. 7 महिन्यांत 11 डॉलर जमले, तेही नातेवाइकांच्या ग्रुपवर सांगून जाहिरातींवर क्लिक करून घेतले तेव्हा. गेला महिनाभर ती काहीच लिहीत नाही. तिला मोटिव्हेट कसं करावं? ब्लॉग वाढवायच्या टिप्स आणि टूल्स सांगा. यातच करिअर होणार असेल तर नीटचा क्लास बंद करू का?

उत्तर : बाकी सगळं नंतर. आधी त्या ग्रुपवर जा आणि 'आता कुणी क्लिक करू नका' असा मेसेज टाका. स्वतःच्या साइटवरच्या जाहिरातींवर क्लिक करणं किंवा दुसऱ्यांना करायला सांगणं, दोन्हीला अ‍ॅडसेन्समध्ये मनाई आहे. गूगलच्या लक्षात आलं तर खातं बंद होतं, जमलेले पैसे जातात आणि बंद झालेलं खातं परत मिळणं फार कठीण असतं. शिवाय 100 डॉलर पुरे होईपर्यंत बँकेत काहीच येत नाही. तुमचे 11 डॉलर अजून फक्त स्क्रीनवर आहेत.

आता मोटिव्हेशन. 'जेवताना आकडे बघतो' हे वाक्य मी दोनदा वाचलं. तुम्ही मुलीला अडवणारे वडील नाही. हौसेने तिच्या मागे उभे राहिलात, आणि म्हणूनच घरात तुम्हाला कुणी काही बोलत नसणार. पण तिच्या बाजूने बघा. कॉलेजचे मार्क आहेत, क्लासच्या टेस्टचे मार्क आहेत आणि ताटावर बसलं की ब्लॉगचे मार्क. कालच्यापेक्षा आज कमी का, हे पोळीचा घास तोंडात असताना विचारलं जातं. जी एकच गोष्ट तिने कुणी न सांगता सुरू केली होती, तिचाही आता रोज निकाल लागतो. ती आळशी झालेली नाही. ब्लॉग तिचा राहिलेला नाही, इतकंच. तिला मोटिव्हेट करायची गरज नववीच्या सुट्टीत कुणाला पडली होती का?

तुम्ही लिंक पाठवलीत म्हणून मी बसून सगळा ब्लॉग वाचला. तिच्या पोस्ट कोणत्या आणि तुमच्या टार्गेटच्या कोणत्या, हे सांगावं लागत नाही. शेवळांची पोस्ट तिची. शेवळं खाजतात, आतला पिवळा भाग काढून टाकायचा आणि भाजीत काकडं (काकड झाडाची आंबट फळं) घालायची, एवढं कुठेही मिळेल. पण हिने बाजारात जुड्या घेऊन बसलेल्या कातकरी मावशींना विचारलंय, की काकडं मिळाली नाहीत तर चिंचेवर भागतं का? मावशी म्हणाल्या, 'तुमचं भागत असंल. आम्ही मग करतच नाय.' टाकळ्याच्या पोस्टमध्ये एकाच रोपाचे दोन फोटो आहेत. दुपारच्या फोटोत पानं उघडी आहेत, तीन-तीन जोड्या मोजता येतात. संध्याकाळच्या फोटोत तीच पानं मिटलेली, आणि खाली तिने लिहिलंय, 'अंधार पडल्यावर ओळखायला जाऊ नका, फसाल.' हे वाचून मी खूश झाले.

त्याच्या लगेच खाली 'टाकळ्याचे 10 जबरदस्त फायदे', मधुमेहापासून केसगळतीपर्यंत सगळं बरं करणारा टाकळा. हा एआयकडून लिहून घेतलेला मजकूर आहे, नाही का? ती पोस्ट आजच काढा. उद्या कुणी ते वाचून साखरेची गोळी बंद केली तर काय कराल?

'रोज एक पोस्ट टाकली की गूगल वर आणतं' हा समज तुम्हाला कोर्समधून मिळाला असावा, कारण तो सगळीकडेच विकला जातो. गूगलच्या स्वतःच्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलंय, की अमुक इतक्या शब्दांचा लेख असावा अशी त्यांची अपेक्षा नाही. मजकूर न बदलता नुसती तारीख बदलून जुनी पोस्ट ताजी दाखवणं हेही तिथे चुकीच्या सवयींत मोडतं. तुमच्या ब्लॉगवर तीन पोस्टना एकच तारीख दिसली, म्हणून सांगते. वाचकाला उपयोग नसलेला मजकूर केवळ क्रम वाढवायला ढिगाने टाकण्याविरुद्ध मार्च 2024 मध्ये त्यांनी नियम आणला, मग तो माणसाने लिहिलेला असो की यंत्राने. आरोग्याच्या विषयाला तर कसोटी आणखी कडक असते. आणि ऑगस्ट 2024 पासून भारतात सर्चच्या पानावरच एआयचं तयार उत्तर दिसू लागलंय, म्हणजे 'फायदे 10' वाचायला तुमच्या ब्लॉगपर्यंत कुणी कशाला येईल? मावशींचं उत्तर मात्र दुसरीकडे नाही. महिन्याला अशी एक पोस्ट झाली तरी पुष्कळ.

आणखी एक. हिवाळ्यात आकडे पडले म्हणून तुम्ही घाबरलात, पण जानेवारीत शेवळं कोण शोधणार? या ब्लॉगचा हंगाम भाजीच्या हंगामाबरोबर चालतो. पहिल्या पावसाच्या आसपास शेवळं बाजारात येतात, तर त्यांची पोस्ट मे महिन्यातच तयार हवी. तुम्ही मागितलेल्या टिप्समधली खरी उपयोगाची हीच.

टूल्स सगळी फुकट आहेत. लोक कोणते शब्द टाकून आले ते गूगलचं सर्च कन्सोल सांगतं, महिन्यातून एकदा बघितलं की झालं. मराठी बोलून टाइप करायला जीबोर्ड हा गूगलचा कीबोर्ड चालतो. रोप ओळखताना शंका आली तर आयनॅचरलिस्टवर फोटो टाकायचा, जाणकार दुरुस्त करतात. बाजारातल्या ज्या बायका माहिती देतात त्यांना विचारून त्यांचं नाव पोस्टमध्ये द्यायला तिला सांगा. 18 हजार गेले ते गेले, पुढचा 'अ‍ॅडव्हान्स' कोर्स घेऊ नका.

पैशाचं स्पष्टच सांगते. मराठीतल्या रानभाज्यांच्या ब्लॉगवर जाहिरातींच्या जोरावर घर चालेल असं मला वाटत नाही. जाहिरातदार जास्त मोजतो तो कर्ज आणि विमा शोधणाऱ्या वाचकासाठी, कुर्डूची भाजी शोधणाऱ्यासाठी नाही. आणि म्हणून तिला कर्ज-विम्यावर लिहायला बसवलंत, तर मला पुन्हा पत्र पाठवू नका.

तेव्हा ब्लॉगच्या भरवशावर नीटचा क्लास बंद करू नका. पण क्लास चालू ठेवायचा की नाही हे वेगळ्या कारणासाठी विचारा, आणि तिलाच विचारा. तुमच्या अख्ख्या पत्रात तिला डॉक्टर व्हायचंय असं एकदाही आलेलं नाही. मला त्या पोस्टमध्ये दिसते ती वनस्पतींकडे नीट बघणारी आणि माणसांना बोलतं करणारी मुलगी. बीएस्सी बॉटनी आणि पुढे वनस्पती वर्गीकरण हा रस्ता तिला माहीत तरी आहे का? पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, 1955 पासूनचं. आघारकर संशोधन संस्थाही तिथेच आहे. बीएस्सी अ‍ॅग्री करायचं तर सीईटी द्यावी लागते, आणि दापोलीचं कृषी विद्यापीठ तुम्हाला लांब नाही. विज्ञानाची पदवी हाताशी ठेवून लेखनाकडे वळायचं, तर अमरावतीच्या आयआयएमसीत (भारतीय जनसंचार संस्थेत) मराठी पत्रकारितेचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. यांपैकी कुठेही मुलाखतीला गेली तर तिने स्वतः लिहिलेल्या त्या पोस्ट दाखवता येतील. 'फायदे 10' दाखवता येणार नाही.

तुमचं काम आता थोडं आहे. पासवर्ड तिने बदलावा आणि तुम्ही विचारू नये. अ‍ॅडसेन्स 18 वर्षांखालच्यांना मिळत नाही, म्हणून तुमच्या नावाने घ्यावं लागलं ते ठीक, पण ती 18 ची होईपर्यंत जाहिराती काढूनच टाकलेल्या बऱ्या. तिने पुढचे दोन महिने काहीच लिहिलं नाही, तरी विषय काढू नका. शेवळांच्या दिवसांत सकाळी बाजारात जायचं म्हणाली, तर गाडी काढा आणि थोडे लांब उभे राहा.