ब्लॅक बॉक्स पाण्यात ‘टिक टिक’ करतो, तरी समुद्रात पडलेलं विमान सापडायला वर्षं का लागतात?

तुमचा प्रश्न असा की, ब्लॅक बॉक्स पाण्यात पडला की आपणहून आवाज करू लागतो, मग बोटीने त्या आवाजाच्या मागे जायला एवढा वेळ का लागतो? आवाज तो करतो हे खरं. पण तो फार जवळूनच पकडता येतो, आणि ‘जवळ’ म्हणजे नेमकं कुठे, हेच बहुतेक वेळा ठाऊक नसतं.

म्हणून पहिलं पाहायचं ते विमानाचं शेवटचं खात्रीचं ठिकाण. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं ‘कनिष्क’ आयर्लंडजवळ कोसळलं, ते शॅननच्या रडारवर दिसत असताना. जागा लगेच कळली. सुमारे २,००० मीटर खोल पाण्यातून ‘स्कॅरॅब’ या यंत्राने दोन्ही रेकॉर्डर, म्हणजेच ब्लॅक बॉक्स, तीन आठवड्यांच्या आत वर आणले आणि मुंबईत भाभा अणु संशोधन केंद्रात त्यांची तपासणी झाली.

आता १ जून २००९ ची एअर फ्रान्स ४४७ घ्या. रिओहून पॅरिसला निघालेलं ए-३३०, आत २२८ माणसं. अटलांटिकच्या मध्यावर रडार पोहोचत नाही. विमान साधारण दर दहा मिनिटांनी उपग्रहामार्फत आपली जागा कळवत होतं. शेवटची जागा आली २ वाजून १० मिनिटांनी, शेवटचा आपोआप गेलेला संदेश २:१४ चा. फार तर पाच मिनिटं उडालं असेल असं धरलं, तरी त्या वेगाने कोणत्याही दिशेला ४० सागरी मैल होतात. या त्रिज्येचं वर्तुळ भरतं १७,००० चौरस किलोमीटर, म्हणजे अख्खा अहिल्यानगर जिल्हा. त्यावर चार किलोमीटर पाणी, खाली डोंगर-दऱ्या. आणि शोधायचा होता फक्त ६०० बाय २०० मीटरचा ढिगारा.

आवाज करणारा भाग म्हणजे पिंगर, बोटभर लांबीची एक नळी. पाणी लागलं की सेकंदाला एकदा ३७.५ किलोहर्ट्झचा ठोका देते. माणसाच्या कानाला तो ऐकूच येत नाही, हायड्रोफोन म्हणजे पाण्याखालचा मायक्रोफोन लागतो. एवढ्या वरच्या कंपनसंख्येचा आवाज पाणी चटकन शोषून घेतं. सगळं अनुकूल असलं तर दोन-तीन किलोमीटर, त्यापलीकडे काही नाही. त्यामुळे ३,९०० मीटर खोलीवरचा पिंगर पृष्ठभागावरून सापडत नाही. हायड्रोफोन कित्येक किलोमीटर केबलला बांधून खोलवर, अगदी सावकाश ओढावा लागतो. एक ओळ संपली की एवढी केबल घेऊन जहाज वळवायलाच तास न् तास जातात, आणि तेव्हा पिंगरची बॅटरी असायची ३० दिवसांची. त्यात पिंगर चिखलात रुतला, कड्याच्या आड गेला किंवा आपटून बिघडला तर तेही दिवस वाया. आता नव्या पिंगरना ९० दिवसांची बॅटरी असते. लांब सागरी पल्ल्याच्या विमानांच्या सांगाड्यालाही ८.८ किलोहर्ट्झचा वेगळा पिंगर लावतात, त्याचा आवाज बराच लांब जातो.

खरी चूक होते ती ‘ऐकू आलं नाही’ याचा अर्थ लावताना. समजा, नकाशावरच्या एका चौकोनात विमान असण्याची शक्यता २० टक्के आहे आणि तुमचं यंत्र तिथलं विमान १० पैकी ९ वेळा पकडतं. शोधून काही मिळालं नाही, तर ती शक्यता २.४ टक्क्यांवर येते. पण यंत्र १० पैकी ५ वेळाच पकडत असेल, तर तोच चौकोन ११ टक्क्यांवर राहतो. तो नकाशावरून खोडून चालत नाही. एअर फ्रान्सच्या शोधात २००९ मध्येच हायड्रोफोन ओढणारी जहाजं अवशेषांच्या आसपास जाऊन आली होती. काही ऐकू आलं नाही म्हणून तो भाग मागे पडला. पाण्यावर तरंगणारे अवशेष हाती लागले तेही पाच दिवसांनी, त्यामुळे प्रवाह उलटे मोजून काढलेली जागा चुकीची निघाली. पुढे गणितज्ञांनी ‘दोन्ही पिंगर मुके असतील तर?’ असं धरून नकाशा नव्याने मांडला. शेवटच्या जागेच्या आसपासचे चौकोन पुन्हा वर आले. २५ मार्च २०११ ला शोध सुरू झाला आणि ३ एप्रिलला विमान सापडलं, शेवटच्या जागेपासून अवघ्या साडेसहा सागरी मैलांवर. नंतर वर काढलेला एक पिंगर वीज जोडून पाहिला, तो बंदच होता. दोन वर्षं लागली त्याला मी यंत्रांपेक्षा त्या मुक्या पिंगरवर ठेवलेल्या भरवशाला जास्त दोष देईन.

पिंगर थांबल्यावर उरतो सोनार, म्हणजे ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून तळाचं चित्र काढणारं यंत्र. रेमस ६००० सारखं स्वयंचलित यान तळापासून ठरावीक उंचीवरून, शेतात नांगराचे तास काढावेत तसं ओळीने फिरतं आणि दोन्ही बाजूंना ध्वनी सोडतं. यानाच्या बरोबर खालची पट्टी मात्र नीट दिसत नाही, म्हणून पुढचा तास मागच्यावर चढवावा लागतो. धातू चकाकतो, पण खडकही चकाकतो. डोळा ठेवायचा तो सरळ कडांवर आणि लांब सावल्यांवर. संशय आला की तेच यान कॅमेरा घेऊन खाली पाठवतात. सपाट तळावर हे जमतं, डोंगराळ तळावर सावलीतच ढिगारा लपू शकतो.

मलेशिया एअरलाइन्सच्या एमएच ३७० चं दुखणं याहून मोठं. ८ मार्च २०१४ ला लष्करी रडारवर ते मलेशियाच्या वेळेनुसार २:२२ ला शेवटचं दिसलं, उपग्रहाशी शेवटचा संपर्क ८:१९ ला. त्या संपर्कातून उपग्रहापासूनचं अंतर कळलं, ठिकाण नाही, म्हणून नकाशावर बिंदूऐवजी लांबलचक वक्र रेषा आली. हिंदी महासागराच्या त्या भागाचा तळ कोणी नीट मोजलेलाही नव्हता, आधी नकाशा करावा लागला. तरी २४ जानेवारी २०१६ ला ओढता सोनार तळापासून २,२०० मीटर उंच चिखलाच्या ज्वालामुखीला धडकला आणि ४,५०० मीटर केबलसकट तुटून गेला. जानेवारी २०१७ पर्यंत १,२०,००० चौरस किलोमीटर तळ तपासला, २०१८ मध्ये आणखी १,१२,०००. दोन्ही वेळा विमान सापडलं नाही. पहिला पक्का तुकडा, पंखाचा फ्लॅपेरॉन, जुलै २०१५ मध्ये लाटांनी रियुनियन बेटावर आणून टाकला होता. पण सोळा महिने तरंगलेल्या तुकड्यावरून मूळ जागेचा अंदाजच बांधता येतो.

रेकॉर्डर सापडला तरी तो कोरडा करायची घाई करत नाहीत. हवा लागली की मिठामुळे आतले भाग गंजू लागतात. म्हणून तो गोड्या पाण्याच्या डब्यात बुडवूनच प्रयोगशाळेत नेतात, मेमरीच्या चिप धुऊन हळूहळू वाळवतात आणि मगच वीज जोडतात.