फंड काढला, पण पेन्शनचे काय?

प्रश्न : माझे वय 57 आहे. एप्रिल 1997 ते ऑगस्ट 2003 या काळात मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात फिटर होतो. कारखाना बंद पडल्यावर फंड काढून घेतला. पुढे 2007 ते 2011 अशी सव्वाचार वर्षे दुसऱ्या कंपनीत होतो, तेथील फंड तसाच आहे. मला पेन्शन मिळेल का?

उत्तर : आपल्या प्रश्नाची मेख ‘फंड काढून घेतला’ या शब्दांत आहे. फंड म्हणजे भविष्य निर्वाह निधी, तो फॉर्म 19 भरून मिळतो. मालकाच्या हिश्श्यातून पगाराच्या 8.33 टक्के रक्कम ज्या कर्मचारी पेन्शन योजनेत जाते, तिचे पैसे काढण्यासाठी मात्र 10-सी हा वेगळा फॉर्म असतो, आणि त्या काळी अनेकांनी तो भरलाच नाही. म्हणून आधी 2003-04 चे बँक पासबुक काढून पाहावे : फंड कार्यालयाकडून दोन रकमा (एक फंडाची, एक पेन्शनची) जमा झाल्या असतील तर ती सहा वर्षे बहुधा हातची गेली, एकच असेल तर ती वर्षे अजून आपल्या नावे असण्याची शक्यता बरीच आहे.

हे महत्त्वाचे अशासाठी, की पेन्शनला किमान दहा वर्षे सेवा लागते. आपल्या दोन्ही नोकऱ्या मिळून दहा वर्षे आठ महिने होतात आणि सहा महिन्यांवरील काळ पूर्ण वर्ष धरला जात असल्याने हिशेब अकरा वर्षांचा होतो. त्या वेळच्या 6,500 रुपयांच्या वेतनमर्यादेला अकराने गुणून 70 ने भागल्यास महिना सुमारे 1,021 रुपये येतात. रक्कम तुटपुंजी आहे, हे खरेच. पण ती तहहयात मिळते आणि पश्चात पत्नीलाही पेन्शन लागू होते.

जुना फंड क्रमांक पगारपत्रकावर किंवा वार्षिक फंड स्लिपवर सापडतो. त्यातला शेवटचा आकडा आपला, त्याआधीचा कंपनीचा. स्लिप हरवली असल्यास कंपनीच्या नावावरून तिचा कोड भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावर शोधता येतो. नसता त्या वेळच्या एखाद्या सहकाऱ्याची स्लिपही कामास येते. मग नेमणूकपत्र आणि आधार घेऊन स्वतः क्षेत्रीय कार्यालयात जावे (दाराबाहेरच्या एजंटाची गरज नाही) आणि दोन्ही खाती एकाच यूएएनला (सर्व नोकऱ्यांसाठी एकच असणाऱ्या फंड क्रमांकाला) जोडून घ्यावीत. नावाचे स्पेलिंग किंवा जन्मतारीख जुळत नसेल तर ती दुरुस्ती आत्ताच उरकावी, कारण 58 पूर्ण होताच भरायचा 10-डी हा पेन्शनचा अर्ज बहुधा तेथेच अडतो.