स्फोट झाल्यावर पोलीस तपास कुठून सुरू करतात?

खड्ड्यापासून, असं वाटतं. पण आधी जखमींना हलवायचं आणि दुसरा बॉम्ब नाही ना, हे बॉम्बशोधक-नाशक पथकाने पाहायचं. मग घेरा. सर्वांत लांब उडालेला तुकडा जिथे पडला, त्याच्या साधारण दीडपट अंतरापर्यंत जागा बंद करायची असते. (आपल्याकडे बघे आणि नेत्यांचे दौरे नेमके इथेच पुरावा तुडवतात.) माती, वायर, बॅटरीचे तुकडे पंचनामा करून सीलबंद होतात आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातात, मुंबईची कलिन्यात आहे. स्फोटक कोणतं, ते तिथे कळतं.

पण आरोपीचा धागा अनेकदा खड्ड्याबाहेर सापडतो. १२ मार्च १९९३ ला मुंबईत १२ स्फोट झाले, २५७ माणसं गेली. त्याच दिवशी वरळीत एक मारुती व्हॅन बेवारस उभी दिसली, आत शस्त्रं. नोंदणीवरून माग निघाला तो थेट माहीमच्या अल-हुसैनी इमारतीत, कटातला प्रमुख आरोपी टायगर मेमन याच्या कुटुंबाच्या घरी. तिथे मिळालेली स्कूटरची चावी दादरला सापडलेल्या, न फुटलेल्या आरडीएक्सने भरलेल्या स्कूटरला लागली. एवढा मोठा कट, आणि उलगडला तो एका गाडीच्या नंबरावरून!